पलंगाच्या फळ्या आणि माझ्या बहिणीचा नवरा

मी, जेगो ट्रेव्हॉरो, वय वर्षे त्रेसष्ट, कथलाच्या खाणीतून निवृत्त, राहणार पेंडीन, कॉर्नवॉल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही, कारण आमचा डॉक्टर दर गुरुवारी माझ्या मेहुण्याबरोबर पत्ते खेळतो आणि तो काय लिहील याचा मला भरवसा नाही. वकिलाकडे गेलो नाही, कारण त्याची टायपिस्ट बोलघेवडी आहे. कोणी मला धाक घातलेला नाही किंवा गोड बोलून भुलवलेलं नाही. तसा प्रयत्न झाला असता तर मी ओळखला असता. १९६१ साली केलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो.

कलम १. माझ्या वडिलांची पहार, हातोडा आणि तीन छिन्न्या सेंट जस्टच्या खाणकामगार सभागृहाला द्याव्यात. त्या कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. शेजारचा हेडली मागायला येईल, त्याला देऊ नयेत. १९७० साली त्याने नेलेलं फावडं परत आलं तेव्हा त्याचा दांडा दुसराच होता.

कलम २. पोस्टातली माझी सगळी शिल्लक डंडीच्या इझोबेल लेडलॉ हिला द्यावी. तिचा भाऊ फर्गस माझ्याबरोबर युद्धकैदी होता. तिने कारण विचारलं तर जुन्या मित्राकडून, एवढंच सांगावं.

कलम ३. घराविषयी लिहिण्याआधी ते बहिणीच्या नवऱ्यापासून इतकी वर्षं का अडवून ठेवलं ते लिहिणं भाग आहे.

१९४३ साली सायलेशियात, जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत, आम्ही भुयार खणत होतो. तोंड आमच्या बराकीतल्या शेगडीखाली होतं. पुढे मी खणायचो. माझ्या पायांशी विल्फ्रेड ऑर्मरॉड पालथा पडून रेती मागे ढकलायचा आणि छताला फळ्या लावायचा. फर्गस भात्याने हवा सोडायचा. फळ्या म्हणजे आमच्याच पलंगांच्या. शेवटी शेवटी अर्धी बराक दोऱ्यांवर झोपत होती आणि रोज सकाळी पाठ धरून आम्हाला शिव्या देत होती.

फळ्या पुरेनात. विल्फ म्हणाला, आठवडाभर थांबू, दुसऱ्या बराकींतून मागू. दुसऱ्या बराकींवर माझा विश्वास नव्हता. मी म्हणालो, “माझ्या बापाने आणि आज्याने समुद्राखाली खणलंय. तू सूतगिरणीतला कारकून, तू मला माती शिकवणार?”

तो म्हणाला, “तो दगड होता रे. ही रेती आहे.”

दोनदा छत माझ्यावर बसलं आणि दोन्ही वेळा त्याने पाय धरून मला ओढून काढलं. मी खणत राहिलो. तारेच्या कुंपणाबाहेरची झाडी, जिथे वर निघायचं होतं, फक्त तीस फूट उरली होती.

मग एका मंगळवारी हजेरी चालू असताना पहारेकरी आले ते थेट आमच्या बराकीत, थेट शेगडीकडे. इकडे तिकडे शोधलंसुद्धा नाही. त्या सकाळी विल्फ बटाट्यांची तक्रार घेऊन छावणीच्या कचेरीत गेला होता, कारण जर्मन त्याला येत होतं. मी तेवढं पाहिलं आणि लक्षात ठेवलं. आम्हाला तीन आठवडे कोठडी झाली. फर्गसला दुसऱ्या छावणीत हलवलं. पंचेचाळीसच्या जानेवारीत त्या छावणीला बर्फातून चालत नेलं, त्यात तो गेला. भुयार पुरं झालं असतं तर तो घरी असता, असं मी तेव्हापासून धरून चाललो.

युद्धानंतर विल्फ मला भेटायला पेंडीनला आला. मी दार उघडलं नाही. माझ्या बहिणीने, लव्हडेने, उघडलं. १९४८ साली तिने त्याच्याशी लग्न केलं आणि दोघं समोरच्याच घरात राहिली. एकतीस वर्षं मी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. दर शनिवारी लव्हडे माझ्या कुंपणावर पेस्टी ठेवायची, मांस-बटाटा भरून भाजलेली आमच्याकडची मोठी करंजी. पहिला तुकडा मी मांजराला घालायचो आणि पंधरा मिनिटं थांबायचो. मांजर चांगलं लठ्ठ झालं.

या जानेवारीत लव्हडे ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. शनिवारी पेस्टी घेऊन विल्फ स्वतः आला. त्यानेच भाजली होती, एका बाजूने करपलेली. मी दारातच विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंडावर विचारलं.

“त्या मंगळवारी तूच सांगितलंस ना?”

“हो,” तो म्हणाला. “मीच.”

“काय दिलं त्यांनी?”

“काही नाही. तू खाली नव्हतास, हजेरीला उभा होतास, तेव्हाच सांगितलं. तिसऱ्यांदा ओढलं असतं तर हातात नुसते बूट आले असते, जेगो.”

“आणि फर्गस?”

त्याने पेस्टी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाला, “तो माझ्या डोक्यावर आहे. तुला वाटतं, मी तो दुसऱ्या कोणावर टाकला?”

लग्नाआधीच लव्हडेला सगळं सांगितल्याचंही त्याने सांगितलं. म्हणजे कुंपणापाशी दर शनिवारी ती सारं माहीत असून उभी राहत होती. मी तिच्यावरही संशय घेतला, दोन आठवडे. मग ती घरी आली, काठी टेकत, आणि मला तो संशय पुढे रेटता आला नाही.

आता जे कोणालाच माहीत नाही ते लिहितो. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी छतातून रेती झिरपताना मी ऐकली होती. आणि पुढे लावायला फळ्या नव्हत्या म्हणून मी मागच्या दोन काढून घेतल्या होत्या, विल्फ पडून असायचा त्याच जागेवरच्या. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने काम थांबवलं असतं. मी पस्तीस वर्षं फितुराच्या मागावर राहिलो आणि त्या दोन फळ्यांचं नाव काढलं नाही.

कलम ४. माझं घर आतल्या सामानासह माझी बहीण लव्हडे ऑर्मरॉड हिला द्यावं. तिच्या नवऱ्याने आत पाऊल टाकू नये, ही १९६१ची अट आता नाही. तिच्यामागे तो हयात असेतोवर त्याने तिथे राहावं. मांजर दोघांनी सांभाळावं.

कलम ५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी विल्फ्रेड ऑर्मरॉड यालाच नेमतो. हे काम करायचं तर त्याला प्रत्येक कलम वाचावं लागेल, तिसरंसुद्धा. मी त्याच्यासमोर ते बोलू शकलो नाही. गेल्या शनिवारी तो आत येऊन बसला, आम्ही बटाट्यांविषयी बोललो, आणि तो निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. त्यापुढे माझ्याने झालं नाही.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही; वरची पानं मी हाताने झाकून धरली होती.

साक्षीदार: मेलर पेंगेली, टपाल वाटणारी. सही.
साक्षीदार: आर्थर बोसॅन्को, प्रार्थनाघराचा कारभारी. सही.

जेगो ट्रेव्हॉरो. सही.
पेंडीन, ११ मार्च १९७९