पन्नासपर्यंत मोजलं

प्रिय भिंगरी,

तीन महिने झाले, तुझा फोन नाही. तू रागावलीस हे कळायला ज्योतिषी नको. तुझा राग माझ्याच वळणावर गेलाय, आवाज न करता ठाण मांडून बसणारा. म्हटलं, आपणच लिहावं. पोटच्या पोरीपुढे कमीपणा कसला?

इकडे सगळं तसंच. दुपार कलली की तळ्यापलीकडे विजा सुरू, वर्षातले दोनशे दिवस तरी. नवा पोस्टमास्तर अजून प्रत्येक विजेला टेबलाखाली वाकतो. हसू दाबून तिकिटं घ्यावी लागतात. लाँड्री चालू आहे. गच्चीवर त्याच अकरा दोऱ्या, हॉटेलच्या त्याच पांढऱ्या चादरी. तुला अंक मी पाटीवर नाही, त्या दोऱ्यांखाली शिकवले, आठवतं? वीज दिसली की मोजायचं, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तिसाच्या वर गेलं तर कपडे राहू देत, दहाच्या आत आलं तर पळा. तू सातावरून सरळ दहावर उडी मारायचीस आणि चिमटे तोंडात धरून सुसाट सुटायचीस. अख्खी गल्ली माझ्या मोजण्यावर विसंबून असायची. मी दोरीला हात घातला की समोरची टेलरबाई खिडक्या लावायला घ्यायची.

गेल्या महिन्यात मात्र माझी चांगलीच फजिती झाली. हॉटेलात पाहुण्यांची गर्दी, साठ चादरी वाळत घातलेल्या. तळ्यावर वीज चमकली. मी मोजायला लागले. तीस झाले, चाळीस झाले, पन्नास. लांब आहे म्हणून निवांत होते, टेलरबाईलाही हातानंच खूण केली, असू दे. तेवढ्यात ती धापा टाकत जिना चढून आली, माझा दंड धरला आणि ओढतच खाली घेऊन गेली. मी तिच्यावर खेकसले, वेड लागलंय का म्हणाले. पाठोपाठ गच्चीवरचा लोखंडी खांब पांढराफटक उजळला, जिन्याचा कठडा माझ्या हाताखाली थरथरला. चादरींचं जाऊ दे. डोक्यावर वीज पडली आणि मला शेजारच्या खोलीत कुणी उशी आपटावी एवढाच आवाज आला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान जवळजवळ गेलेत, दोनेक वर्षं हळूहळू जात असणार म्हणाले. मी आपली मशीनच्या घरघरीला दोष देत होते. लोकांच्या ओठांकडे बघून निभावून न्यायचे, कुणी टोकलं तर विचारात होते म्हणायचे. सोंग छान वठलं. टेलरबाई म्हणते, तिला कधीच कळलं होतं, पण माझ्या तोंडाला कोण लागणार! पुढच्या आठवड्यात यंत्र मिळेल. थोडा फरक पडेल म्हणतात.

पण फोनला ओठ नसतात गं. तुझ्या शेवटच्या फोनवर तू बराच वेळ बोललीस, माशी गुणगुणावी इतपत आवाज येत होता. मग तो थांबला. तू काहीतरी विचारलं असणार, एवढं उमगलं. तुझं नेहमीचं, सुट्टीत माझ्याकडे राहायला ये, तेच असेल असं समजून मी म्हणाले, बघू पुढच्या वर्षी, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा बोल म्हणायला हवं होतं, पण लाज वाटली. तू काय विचारलंस हे मला आजतागायत माहीत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. काय ते लिहून कळव. घरी यायचं म्हणत असशील तर ये, एकटी ये, दोघं या, सगळा संसार उचलून आण. दुसरं काही असेल तर त्यालाही माझा होकार समज. आणि आलीस की गच्चीवर माझ्या शेजारी उभी राहा. वीज मी बघेन, मोजेनही मीच. गडगडाट झाला की तू फक्त माझा हात दाब.

तुझीच, अजूनही मोजत बसलेली,
आई