ओल्या पोत्यातली फांदी

आष्टा, १४ सप्टेंबर १९७१

एवढी घाई कुणी सांगितली होती मला? हे दुपारच्या गाडीनं रजेवर येणार, म्हणून उजाडताच परसातल्या दालचिनीच्या दोन फांद्या तोडल्या. केरळात पोस्टिंग असताना यांनीच ते रोप आणलेलं, ओल्या पोत्यात गुंडाळून. पहिली साल दोघांनी मिळून काढायची, असं ठरलं होतं.

गाडीच्या आधी तार आली. दारातच उघडली. रजा रद्द, एवढंच. का, ते नाही. पलटणीतल्या सगळ्यांच्याच रजा रद्द झाल्या असतील का? मग तर जास्तच वाईट.

सासूबाई म्हणाल्या, "आता बसून काय हुतंय? आजच सोलून घे. वाळली की साल लाकडाला चिकटती."

बसले सोलायला. वरचा खरबरीत पापुद्रा खरवडला, पितळी पळीच्या दांड्यानं फांदी घासली, चाकूनं उभी चीर दिली. साल अलगद सुटली. आता सुपात आपली आपण वळतेय. बोटांचा गोड वास जात नाही, आणि वास आला की तारच आठवते.

दुसरी फांदी सोलवेना. ओल्या पोत्यात गुंडाळून न्हाणीपाशी ठेवली.

"लय दिस ऱ्हायची न्हाई ती," सासूबाई करवादल्या.

मला का कळत नाही? पण रजा पुन्हा कधी मिळते, हे विचारू कुणाला?

दिवा लावून लिहायला बसले, तर न्हाणीत तांब्या वाजला. डोकावून पाहिलं. सासूबाई पोत्यावर पाणी शिंपडत होत्या.