स्किपर अँब्रोजचं सातवं कडवं

लाँग टिकल, न्यूफाउंडलंड
बुधवार (किंवा गुरुवार, कॅलेंडर खाली स्वयंपाकघरात आहे)

प्रिय ड्रुसिला मावशी,

तुला आणि तुझ्या गुडघ्याला माझा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? काका अजून रेडिओवर आपल्याकडचं हवामान ऐकून तिकडे टोरांटोत छत्री घेऊन बाहेर पडतात का? हे सगळं मी मे महिन्यातच विचारणार होतो. मे महिन्यात पत्र सुरू केलं तर पेन संपलं. जूनमध्ये पेन मिळालं तर त्याच कागदावर गाण्याचं आठवं कडवं लिहून बसलो. आणि जुलै कुठे गेला ते विचारू नकोस, तेव्हा मी एका माणसाबरोबर त्याचं अकॉर्डियन दुरुस्त करून घ्यायला तीन गावं फिरत होतो. (अकॉर्डियन अजून तसंच आहे. माणूस मात्र फार चांगला निघाला.)

आज लिहितोय, कारण एक संकट टळलंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

तुझ्या चिठ्ठीवर स्किपर अँब्रोज पार्डींनी मला वरची खोली दिली आणि बोटीवर जागाही दिली. याआधीच्या चार ठिकाणांहून मी कसा निघालो ते तुला ठाऊक आहेच (एका ठिकाणाहून तर बूट न घालता). म्हणजे ही खोली गेली की मी संपलो. इतकं सगळं माहीत असूनही मी स्किपरवर कडवं रचलं. गेल्या वर्षी धुक्यात आम्ही जाळी ओढून परत येत होतो, तेव्हा समोर कुणीतरी बोट आडवी घातली म्हणून स्किपर तासभर तिच्यावर ओरडत होते, शिव्या घालत होते, तिच्या कप्तानाच्या आईबापांची चौकशी करत होते. धुकं विरलं तेव्हा समोर त्यांचीच मासे साफ करायची शेड उभी होती. बोटीवर आम्ही दोघंच. ते म्हणाले, "पोरा, आज फारसं काही घडलं नाही." मी म्हणालो, "नाही, स्किपर."

आता तूच सांग, हे मी कुठे ठेवणार होतो?

गावच्या हॉलच्या नव्या छपरासाठी रविवारी दुपारी जेवण आणि गाणी ठेवली होती. हॉलचं स्वयंपाकघर जिच्या ताब्यात आहे त्या व्हर्नाबाईंनी मला फर्मावलं, गावावर नवं गाणं कर, घरटी एक कडवं. मी आठ केली. सातवं स्किपरचं, आठवं निरोपाचं. भीती नव्हती, कारण हॉलच्या दाराला कुठला रंग लावायचा यावरून भांडण झाल्यापासून अकरा वर्षं स्किपरनी त्या दारातून पाऊल टाकलेलं नाही. (दार शेवटी रंगवलंच नाही.)

तर मी मूस हरणाचा रस्सा दोनदा घेऊन उभा राहिलो, डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली चार कडवी झकास गेली. पाचव्याला गार वारा आला म्हणून डोळे उघडले, तर दारात स्किपर. रविवारचा कोट, टोपी हातात, दाढी केलेली. सरळ पुढच्या रांगेत येऊन बसले, माझ्या गुडघ्यापासून दोन हातांवर. मावशी, मी पाचवं तसंच रेटलं, सहावं सुरू केलं आणि तोंड गात असताना डोक्यात बूट शोधायला लागलो. सहावं फ्रेड हस्कच्या मांजरीवर आहे. तिने वाळत घातलेला कॉड मासा पळवला आणि मागे उरली शेपूट. त्या शेवटच्या दोन शब्दांवर माझा गळा असा सुकला की सूर निघेचना. "उरली शेपूट" हे मी नुसतं बोललो.

आपल्याकडे शेवटचे शब्द न गाता बोलून टाकले म्हणजे गाणं संपलं, हे पाळण्यातल्या मुलालाही कळतं. मला मात्र टाळ्या सुरू झाल्यावर कळलं. कुणीतरी पाठ थोपटली, कुणीतरी खुर्ची सरकवली, व्हर्नाबाईंनी मनुकांचं पुडिंग हातात दिलं आणि "बस आता, पांढरा पडलायस" म्हणाल्या. शाळेच्या मास्तरांनी तर सांगितलं की शेवट फार खोल होता. मी म्हटलं, हो, विचार करूनच केला. स्किपर तेवढे काही न खाता उठून गेले. गेले तीन दिवस नाश्त्यालाही ते बोलत नाहीत, पण मासेच मिळत नाहीत तर माणूस काय बोलणार. खोली शाबूत आहे, बोट शाबूत आहे, आणि मला इतकं हलकं वाटतंय की काल मी जिनासुद्धा झाडला.

तुझा भाचा,
सेल्बी

ता. क. पत्राचं खरं कारण हे की ईस्टरच्या कार्डामागे मी तुला सातवं कडवं लिहून पाठवलं होतं. ते जाळून टाक. तुझ्याकडे गावची माणसं चहाला येतात, आणि तू ते फ्रिजवर लावलं असणार, मी तुला ओळखतो.

ता. क. दुसरा. तूर्त जाळू नकोस. स्किपर अँब्रोज, जे पाठीमुळे हा जिना कधी चढत नाहीत, ते आत्ता माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसले आहेत. म्हणतात, "सगळ्या गावाला कडवं. फ्रेडच्या मांजरीला कडवं. व्हर्नाने सांगितलं तुझ्यावरही आहे, म्हणून अकरा वर्षांनी कोट घातला मी. मी काय मेलोय का लेका?" मी नाइलाजाने हळू आवाजात सातवं म्हणून दाखवलं. ते शेवटपर्यंत जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "तासभर नाही, चांगले दोन तास शिव्या घालत होतो. लिहायचं तर नीट लिही," आणि आता पेन मागताहेत.