एका क्रियापदाच्या खुलाशासह

मी, खाली सही करणारा, तर्कशास्त्राचा निवृत्त शिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. यकृताबद्दल तसे म्हणता येणार नाही. पण कायद्याला कर्तव्य बुद्धीशीच आहे, आणि डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी असा लेख केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. प्रथम एका आक्षेपाचे उत्तर. माझ्या भाच्याचे म्हणणे असे, की मी बरा व्हावा म्हणून सगळी मंडळी प्रार्थना करीत असताना मृत्युपत्र करणे हा अविश्वास आहे. त्यास उत्तर असे: मी गोळ्याही घेतो आणि प्रार्थनेलाही बसतो. गोळ्यांनी प्रार्थनेचा अपमान झाला नाही, प्रार्थनेने गोळ्यांचा झाला नाही. मग कागदाने कोणाचा होणार? बरा झालो तर कागद वाट पाहील. या लेखाची अंमलबजावणी भाच्यानेच करावी. आक्षेप घेणारा माणूस निदान काळजीपूर्वक वाचतो.

कलम २. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला, जिला साठी उलटली तरी सगळे ‘धाकटी’च म्हणतात, पूर्ण मालकीने द्यावे. स्वयंपाकघरातला गळका नळ मात्र मेहुण्यांच्या नावे. तो दुरुस्त करण्याचा हक्क त्यांनी इतकी वर्षे दुसऱ्या कोणाला घेऊ दिलेला नाही.

कलम ३. औषधपाणी व दफन यांचा खर्च वजा जाता जी बचत उरेल तीही धाकटीची. पुस्तके भाच्याला, रद्दीत घालायचीच असतील तर आधी एकदा चाळावीत.

कलम ४. माझी काठी, प्रार्थनेने रोगी बरे करायला बाहेरगावाहून आलेल्या ख्रिस्ती प्रचारकांना द्यावी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, काठी फेकून द्यायला सांगितले, आणि मी उठलो नाही तेव्हा सर्वांदेखत जाहीर केले की उणीव माझ्या विश्वासात आहे. रोगी बरा झाला तर श्रेय प्रचारकांचे, न झाला तर दोष रोग्याचा: ज्या विधानाला कोणताच परिणाम खोटे ठरवू शकत नाही, त्याला मी परीक्षेत शून्य गुण देत असे. प्रचारक तरुण आहेत, पण गुडघे कोणाचेच तरुण राहत नाहीत. काठी मजबूत आहे. ती देताना मनात राग ठेवलेला नाही, किंवा फारच थोडा ठेवला आहे.

आमच्या चर्चच्या पाळकांनी कधी असे काही ठरवले नाही. ते प्रार्थना करीत, मग पलंगाशेजारी बसून पाणी हवे का, एवढे विचारीत. वाचायची खुर्ची त्यांना द्यावी.

कलम ५. आता मुख्य मुद्दा. एका गुरुवारी मंडळी नेहमीप्रमाणे प्रार्थनासभेसाठी पुढच्या खोलीत जमली होती. मला तेव्हा दोघांनी धरून बसवावे लागे. दादाला या अंथरुणातून उठव, असे धाकटीला म्हणायचे होते. रडता रडता तिची जीभ घसरली आणि ती म्हणाली, “प्रभू, माझ्या दादाला उचल.”

मंडळीने सवयीने, एकमुखाने, ‘आमेन’ म्हटले. मग अर्थ सगळ्यांच्या लक्षात आला. आपल्या भाषेत माणसाने माणसाला उचलले तर तो आधार. देवाने उचलले तर कारभार आटोपला. शेजारचा घड्याळवाला खोकल्याचे सोंग करू लागला. मेहुणे हळूच म्हणाले, “झालं. ठरावाला अनुमोदनही मिळालं.” तेव्हा पहिला मी हसलो, आणि बरगड्या दुखेपर्यंत हसलो.

आजाराचे निदान झाल्यापासून एक भीती माझ्या छातीवर बसून होती. तिचा मी कोणाला सुगावा लागू दिला नव्हता. ज्या गोष्टीचे नावही घरात कोणी काढत नव्हते, ती भर सभेत मागितली गेली, तिला आमेनही मिळाले, आणि छप्पर जागच्या जागी राहिले. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

पुढे माझी प्रकृती ढासळली, आणि धाकटीने ठरवून टाकले की ते तिच्या शब्दामुळे. तेव्हापासून ती सभेत ओठ मिटून बसते. “माझं तोंडच वाईट, दादा,” म्हणते. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणजे तिच्यामुळेच घडली, ही चूक मी जन्मभर उत्तरपत्रिकांत तांबड्या शाईने खोडत आलो. ती माझ्याच घरात चालू देणार नाही.

म्हणून येथे नोंदवतो, की ती प्रार्थना ऐकली गेली. देव व्याकरण तपासत बसला असता, तर कोणाचीच प्रार्थना पोहोचली नसती. यकृताला आराम पडलेला नाही. मला पडला आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. बरे होण्याची मागणीही मी मागे घेतलेली नाही; फक्त तिचा निकाल लागेपर्यंत श्वास रोखून बसणे सोडले आहे.

कलम ६. माझ्या दफनाच्या वेळी प्रार्थना धाकटीने, मोठ्याने करावी. क्रियापद तिने निवडावे. ही अट घराला जोडावी असे मनात आले होते. पण घराच्या बदल्यात घेतलेली प्रार्थना म्हणजे भाडे. घर बिनशर्त तिचे आहे. ही केवळ विनंती समजावी.

पुढील मजकूर वरील लेख वाचून दाखवल्यानंतर, परंतु सह्यांपूर्वी जोडला आहे. धाकटी साक्षीदार म्हणून सही करायला पेन घेऊन बसली होती. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष देऊ नये, हे मी तिला समजावले.

“म्हणजे मी नुसतं बघत बसू?”

“साक्षीला बंदी आहे. प्रार्थनेला नाही.”

तिने पेनाला टोपण लावले. मग डोळे मिटून, खोलीत सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “प्रभू, दादाला उचल. पण घाई नाही.”

साक्षीदारांनी या वेळी आधी नीट ऐकून घेतले, मग आमेन म्हटले, आणि मग सह्या केल्या.

लिहून ठेवणार: (सही) धाकटीचा दादा
साक्षीदार: १. (सही) शेजारचा घड्याळवाला
२. (सही) उपचार करणारे डॉक्टर
स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळचा पलंग
दिनांक: आजचा, गुरुवार; मंडळी जमण्यापूर्वी