बोहनीनंतरचा चहा

हिंगणघाट, ५ जानेवारी १९७९
संपादकांचे पत्र आले. ‘छोटे धंदे : उधारीचे आणि बिनउधारीचे’ यावर लेख हवा. विषय हातचा आहे. मिलच्या फाटकासमोर चहाची दोन दुकाने : आनंदाबाई उधार देते, ओमप्रकाश देत नाही. संशोधन आनंदाबाईकडेच करावे लागेल. ओमप्रकाशकडे पैसे लागतात.
संकल्प : बाईची बाकी या महिन्यात फायनल.

६ जानेवारी, सकाळ
बोहनी होईपर्यंत बाहेर थांबलो. बोहनीआधी उधार मागून कुणाचा दिवस नासवणे माझ्या स्वभावात नाही. एका ट्रकवाल्याने रोख दिले, तसा आत शिरलो. बाई म्हणाली, “या शास्त्रीजी, बोहनी झाल्याचं तुमाले बरोबर समजते.” कौतुक असावे.
तिला ‘ऋण’ची व्युत्पत्ती सांगितली : धातू ‘ऋ’, अर्थ जाणे. म्हणाली, “जाते ते मले दिसूनच राह्यलं. येते कवा, ते सांगा.” धातूत तशी सोय नाही. पण घेणारा तो अधमर्ण आणि देणारा उत्तमर्ण. तिच्या उत्तमपणात माझाही वाटा आहे.

९ जानेवारी
सर्व्हे केला. बाईकडे बाकावर जागा नाही, ओमप्रकाशकडे माशा. गर्दीत रोख देणारे किती, हे विचारणे प्रशस्त वाटले नाही. गर्दीत मीही होतो.

१८ जानेवारी
लेख छापून आला! मथळा माझाच : ‘आनंदाबाईंच्या धंद्याची प्रकृती ठणठणीत’. तिला वाचून दाखवला. चहा घेतला. बोहनीनंतर.

८ फेब्रुवारी
काल मिलचा पगार झाला. बाईची बाकी कुणीच दिली नाही. कवडू फिटर तिला म्हणे, “पेपरात तं तुयी तब्येत ठणठणीत हाय, मंग आमच्याच मागं काऊन लागली?” तोच पेपर दूधवाल्या तानबानेही वाचला. त्याने थकलेले सगळे पैसे एकदम मागितले.
रात्री झोप नाही. वांगी बाधली असावीत.

१२ फेब्रुवारी
तानबाने दूध बंद केले. काळा चहा कोण पिणार? दहा वाजले तरी बोहनी नाही. मी नेहमीप्रमाणे बाहेर. शेवटी बाईनेच हाक मारली, “शास्त्रीजी, आज तुमीच करा ना बोहनी.”
खिशात दहाची नोट होती, लेखाचे मानधन. मोडायला बाईकडे सुटे कुठून येणार, या विचाराने तिच्या वतीने मीच संकोचलो. उद्या येतो म्हणालो. बाकी पूर्ण द्यावी, तर संकल्पाचा महिना केव्हाच संपला होता.

१३ फेब्रुवारी
सर्दी. गेलो नाही.

२० फेब्रुवारी
नोट घेऊन गेलो. शेगडी थंड, बाक उलटे. येताना पेन घेतला. लेखनाचे साहित्य, खर्च रास्तच.

२७ फेब्रुवारी
डोके दुखत होते म्हणून ओमप्रकाशकडे शिरलो. चहा आणला आनंदाबाईने. आता ती त्याच्याकडे रोजीने आहे. मी खिसे चाचपले. ओमप्रकाश हात पुढे करून उभा. बाईने कनवटीचे सुटे काढून त्याच्या हातावर ठेवले. म्हणाली, “प्या, शास्त्रीजी. थंडा होऊन राह्यला.”
प्यालो.
ओमप्रकाशकडे माझी एका पैशाचीही उधारी नाही, हे नोंदवून ठेवतो.