डेल्फाने न भरलेला अर्ज

हॅझर्ड, केंटकी
१२ मार्च १९९६

चि. डेल्फास,
हर्शेलदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेजारणीकडे दिवसाढवळ्या चोर शिरला, हे वाचून अर्लीनच्या हातातली कॉफी सांडली. तुझा वेंडेल जाऊन अजून वर्षही झालं नाही आणि तू त्या घरात एकटी! बाबांचं रिव्हॉल्व्हर माझ्या कपाटात नुसतं पडून आहे. ते तुझ्याकडे असावं.

रविवारी गाडीत टाकून आणणारच होतो, पण इथल्या बंदूकवाल्यानं माझी चांगली हजेरी घेतली. म्हणाला, राज्याची हद्द ओलांडून पिस्तूल असं हातोहात दिलंस तर गुन्हा, देणाऱ्याचाही आणि घेणारीचाही. सख्खी बहीण आहे म्हटलं, तर म्हणाला, कायद्याला बहीण नसते. मी पोस्टानं पाठवणंही चालत नाही. तोच ते तुमच्या हॅमिल्टनच्या परवानावाल्या दुकानदाराकडे, ग्रूमकडे, धाडणार आहे. तू तिथं अर्ज भरायचा, तपासणी झाली की घरी न्यायचं. बापाची वस्तू लेकीला द्यायला केवढा हा खटाटोप!

अर्लीनवहिनीचे आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझा,
हर्शेल

हॅमिल्टन, ओहायो
२ एप्रिल १९९६

ती. हर्शेलदादास,
सा. न. वि. वि.

तू मला न विचारताच पाठवून मोकळा झालास. ग्रूमचा फोन आला होता, वस्तू पोचली आहे. जाईन सवडीनं. चर्चच्या जेवणासाठी चाळीस माणसांचं मक्याच्या पावाचं काम अंगावर घेतलंय, त्यात गुडघा धरलाय. मला खरं तर एवढी भीती वाटत नाही रे.

वहिनीला सांग, लोणच्याची बरणी संपली. लोभ कमी करू नकोस.
तुझी,
डेल्फा

हॅझर्ड
६ मे १९९६

चि. डेल्फास, आशीर्वाद.

महिना झाला, आता तुझा कान धरायलाच हवा. मी ग्रूमला फोन केला. तो सांगतो, बाई आली, अर्ज घेतला, अर्ध्यावर थांबली आणि चष्मा विसरला म्हणून निघून गेली. तुला चष्मा कधी लागला?

वकिलालाही विचारलं. तो म्हणतो, मृत्युपत्रातून दिलेलं हत्यार दुकानदाराशिवायही हद्द ओलांडू शकतं. म्हणजे बाईसाहेबांना सही जड जात असेल, तर त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहावी! लिहू का तुझं नाव?

रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस.
हर्शेल

हॅमिल्टन
११ मे १९९६

ती. दादास, सा. न. वि. वि.

माझं नाव मृत्युपत्रात घालू नकोस. तसंही चालणार नाही. माझ्या घरात एक गोळीसुद्धा ठेवायची मला बंदी आहे.

अर्जात एक प्रश्न असतो: कधी सरकारी हुकमानं वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं का? 'नाही' लिहिलं तर खोट्याचा गुन्हा. 'हो' लिहायचं, तर ग्रूम समोर उभा. दर रविवारी चर्चमध्ये तो माझ्या पुढच्या बाकावर बसतो.

एकोणसत्तर साली बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा तू फौजेत होतास. मी दोनदा नदीवर गेले. दोन्ही वेळा वेंडेलनं ओढून आणलं. मग डॉक्टर, मग न्यायाधीश. चार महिने आत होते. आईनं सगळ्यांना सांगितलं, मिशिगनच्या मावशीकडे गेलीय. वेंडेललाही गप्प राहायची शपथ घातली.

ग्रूमला सांग, परत पाठव.
डेल्फा

हॅझर्ड
१७ मे १९९६

प्रिय डेल्फा,

चार कागद फाडले, हा पाचवा. त्या ऑगस्टमध्ये मी रजेवर येऊन लग्न केलं. तू आली नाहीस म्हणून मनात आढी धरली. नाताळात तू दारात उभी होतीस, वाळून काटकी झाली होतीस, आणि मी म्हणालो, जगात बाळ काय तुझं एकटीचंच गेलं का? आई मागे उभी होती. तिनं मला थांबवलं नाही. पण तोंड माझं होतं, तिचं नव्हे.

मग दोन वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही.

रिव्हॉल्व्हर माझ्या दुकानदाराकडे परत मागवलंय. कारण विचारलं, तर माझंच मन बदललं म्हणालो. पुढच्या शनिवारी येतो, दोन्ही दारांना भक्कम कड्या बसवून देतो. क्षमा मागायची तर तोंडानंच मागेन, कागदावर नाही.
हर्शेल

हॅमिल्टन
२० मे १९९६

ती. दादास, सा. न. वि. वि.

हो, तुझं ते बोलणं लागलं होतं. सत्तावीस वर्षं लागतंच आहे, खोटं कशाला बोलू? तरी तुझ्याकडे येणं मी सोडलं नाही. दुसरा भाऊ कुठून आणणार?

कड्या बसवायला जरूर ये, पण परतताना मलाही गाडीत घे. येत्या रविवारी आपल्या टेकडीवर सगळे थडगी सजवायला जमतील. आईबाबांना फुलं वाहतो, पण कोपऱ्यातल्या त्या छोट्या दगडाशी कुणी थांबत नाही. मीसुद्धा लोकांसमोर थांबले नाही.

यंदा थांबू या. तू सगळ्यांपुढे तिचं नाव घे. आयरिस.
तुझीच,
डेल्फा