पायाखालचा सूर

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तू वाचत नाहीस, म्हणून कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच हाताने पत्र लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बाबा सांगत होते, कान गेल्यापासून तू गाण्याची शिकवणी बंद केलीसच, पण आता एकटी असतानाही गुणगुणत नाहीस. ऐकून मला फार वाईट वाटलं. घरामागे तुझ्यासाठी जी खोली बांधायची आहे तिचा आराखडा मीच करणार, असं मी त्यांना सांगून टाकलंय. घरात आर्किटेक्ट असताना बाहेरचा कशाला?

खोली तुझ्या आवाजातून काढायची आहे. हसू नकोस. पातळ पत्र्यावर बारीक वाळू पसरायची आणि खालून एक सूर सोडायचा. पत्रा थरथरतो तिथून वाळू पळ काढते आणि स्थिर असतो तिथे साचते, त्याच्या रेघा होतात. प्रत्येक सुराची नक्षी वेगळी. तुझ्या सुराच्या रेघांवर लाकडी जमिनीचे आधार बसवायचे, मधली जागा पोकळ ठेवायची. मग तो सूर लागला की जमीन थरथरेल आणि तुझ्या तळव्यांना कळेल. खोलीची लांबीही रुंदीच्या दीडपट ठेवतेय, कारण पंचम 'सा'च्या दीडपट असतो. हे तूच शिकवलं होतंस. पुढचं शिकायच्या आत मी चित्रं काढायला पळाले.

फक्त एक लांब सूर बाबांच्या फोनमध्ये भरून दे.

लोभ आहेच, अक्षर बघून तो कमी करू नये.
तुझी,
खारूताई


११ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. पत्र मात्र दोनदा वाचलं.

खोली बांध, वाळू उडव, काय हवं ते कर. सूर तेवढा मागू नकोस. स्वतःचा आवाज ऐकू न येता गाणं म्हणजे डोळे बांधून भाजी चिरणं. बेसूर झाले तर तुझा बाप सांगणार नाही. इतका मोठा झाला तरी मला घाबरतो. जन्मभर मी दुसऱ्यांच्या सुरावर बोट ठेवलं. आता कुणी माझी कीव करून "छान" म्हणावं, हे मला सोसायचं नाही.

माझ्या पंचविशीतली एक टेप कपाटात आहे. तुझ्या बापाबरोबर पाठवतेय. तिच्यावर भागव.

जेवणखाण वेळेवर कर. लोभ आहेच, मागायला नको.
तुझी,
आत्या


२ मे

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

खोली देखणी झाली आहे. काल तुम्ही सगळे जेवायला गेलात तेव्हा मी दार लावून घेतलं, चपला काढल्या आणि गायले. कितीतरी महिन्यांनी. जमीन गप्प. पुन्हा गायले. दगडावर उभी असल्यासारखं वाटलं. तू इतकी खुशीत होतीस की निघताना काही बोलवलं नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काम चोख आहे. सूरच गेलाय, बाळ. खोलीत मी पुस्तकं ठेवीन.

लोभ आहेच.
आत्या


९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी मला गाढव म्हण, मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचून मला रडू फुटलं. मग बाबांना ती टेप खोलीत मोठ्याने लावून अनवाणी उभं राहायला सांगितलं. त्यांच्या तळव्यांना चक्क गुदगुल्या झाल्या! म्हणजे जमीन बरोबर आहे. पंचविशीतल्या बाईसाठी मी जमीन केली आणि तिच्यावर सत्तरीतली आत्या उभी केली. वयाबरोबर आवाज खाली उतरतो, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. तुझा सूर गेला नाही गं, खालच्या मजल्यावर राहायला आलाय.

आताचा आवाज दे. खोकल्यासकट दे.

लोभ असावा; या वेळी तो मला जरा जास्तच लागणार आहे.
खारूताई


१७ मे

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

भरून दिलाय. तुझ्या बापाला फाटकाबाहेर पिटाळलं होतं. मध्ये मी फोनवर खेकसले आहे, त्याची नक्षी काढू नकोस. वाईट असेल तर सरळ वाईट म्हण.

आत्या


२४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी "छान" म्हणणार नाही. वाळूने काय केलं तेवढं सांगते. सूर जरा हलला तरी वाळू रेघ धरत नाही, विस्कटते. तुझ्या सुरावर ती बसली ती हललीच नाही. टेपवरची नक्षी दाट होती, ही मोकळी आहे. रेघा कमी, मधल्या जागा ऐसपैस. मी कितीतरी वेळ बघत बसले.

सुतारकाकांनी जमीन उघडून आधार नव्या रेघांवर घेतलेत. फक्त खिडकीजवळचा तुकडा मी उघडू दिला नाही. ते जाम वैतागले. पण पंचविशीतल्या तुला घराबाहेर काढणं माझ्याच्याने होईना.

आता चपला काढ. आणि कळव.

लोभ आहेच, तो पायांपर्यंत पोचावा.
खारूताई


३० ऑगस्ट

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रोज सकाळी गाते. सूर लागला की तळवे गुणगुणतात, घसरला की जमीन गप्प होते. इतकी खरं बोलणारी माणसं मला कमी भेटली. दोन जुन्या विद्यार्थिनी परत आल्या आहेत. एकीने त्या दिवशी "छान" म्हटलं, आणि मला राग आला नाही.

पण आज लिहिण्याचं कारण वेगळं. गेल्या रविवारी तू इथे पाठमोरी माझी पुस्तकं लावत होतीस आणि मी खिडकीशी शेंगा सोलत होते. अचानक पायाखालचा तो जुना तुकडा थरथरला. मी गात नव्हते. टेप कपाटात होती. शेंगा तशाच टाकून उठले आणि तुझ्यासमोर आले, तर तुझा गळा हलत होता. तुला वाटलं, म्हातारी पुस्तकं बघायला आली.

कान नसलेल्या बाईसमोर गुणगुणायला कसली लाज, असंच ना? माझा तो सूर तुझ्या गळ्यात आहे, आणि तू तो पुस्तकं लावताना सांडतेस.

येत्या रविवारी सकाळी शिकवणीला ये. खिडकीशी उभं राहायचं, अनवाणी. उशीर चालणार नाही.

लोभ उदंड आहे. शिकवणीत तो दिसणार नाही.
तुझी,
आत्या